तळ्यातल्या दोन जावा

"आलीस एकदाची! गौरी-गणपतीत तुझ्या दाराला कुलूप. सगळी आळी मला विचारी, वहिनी कुठे गेल्या? मी म्हटलं, लेकीबरोबर ज्वालामुखी चढायला. एकाचा विश्वास बसेल तर शपथ."

"काकू, चढली लेक. मी आपली जमेल तिथवर. या, गडग्याशी या. ओरडून सांगण्यासारखं नाही ते."

काकूंनी नाचणीचं सूप बाजूला ठेवलं आणि गडग्यावर कोपरं टेकली. एकदा कोपरं टेकली की चहाची वेळ होईपर्यंत त्या हलत नाहीत, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"कुठे म्हणालीस ते? निकोबार?"

"निकाराग्वा. मध्य अमेरिकेत. मेक्सिको आणि पनामाच्या मध्ये पट्टीसारखे देश आहेत ना, त्यातला एक. तिथे एक तळं आहे, कोसिबोल्का म्हणतात. तळं म्हणजे आपली पोहायची तळी नव्हेत. आपला अख्खा रत्नागिरी जिल्हा आहे ना, जवळजवळ तेवढं पाणी. त्या पाण्यात एक बेट, ओमेतेपे. आणि बेटावर दोन ज्वालामुखी, शेजारी शेजारी. मध्ये चिंचोळी सखल जमीन, बस्स. वरून बघितलं तर इंग्रजी आठचा आकडा आडवा टाकल्यासारखं दिसतं."

"आणि तिथे तुम्ही भर पावसात गेलात."

"मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर तिथे पावसाळाच. लेकीला सुट्टी तेव्हाच मिळाली. शिवाय त्या दिवसांत गर्दी नसते, खोल्या निम्म्या भाड्यात."

"निम्म्या भाड्यात म्हटल्यावर तू ज्वालामुखीच्या तोंडातही राहिली असतीस."

यावर मी काही बोलले नाही. खोटं नाही ते.

"तर काकू, रीवास म्हणून गाव आहे. त्याच्याजवळ सान होर्हेचा धक्का. तिथून फेरीबोट. एका बोटीचं नाव चे ग्वेवारा! तासाभरात पलीकडे मोयोगाल्पाला उतरायचं. बोट निघाली आणि समोर दोघी उभ्या. डावीकडची सरळ, उंच, टोकदार, अंगावर काही नाही, डोक्यावर ढगाचा पदर. तिचं नाव कोन्सेप्सिओन. उजवीकडची रुंद, पसरट, गळ्यापर्यंत हिरवी. ती मादेरास. मी लेकीला म्हटलं, या तर जावा गं! एका अंगणात दोन चुली."

"थोरली कुठची?"

"तीच तर गंमत. उंचीला कोन्सेप्सिओन मोठी, 1610 मीटर. कळसूबाई 1646, म्हणजे फक्त छत्तीस मीटरचा फरक. पण कळसूबाईला आपण बारी गावापासून चढतो, ते गावच किती उंचावर. इथे तळ्याचं पाणी समुद्रसपाटीपासून तीसेक मीटरवर, तिथून उभं चढायचं. मादेरास 1394 मीटर, आपल्या तोरण्याच्या आसपास. पण वयाने थोरली मादेरास. हजारो वर्षांत तिच्या तोंडून एक ठिणगी नाही. विझली म्हणा. धाकटी मात्र नाकावर राग. किती काळ गप्प होती कोण जाणे, 1883 साली उठली, ती अजून मधून मधून धुमसते. 1957 साली इतकी खवळली की सरकारने सांगितलं, बेट खाली करा."

"मग केलं?"

"कुणी करेना! बहुतेक लोक घरात बसून राहिले. 2010 साली पुन्हा राख उडवली, पुन्हा सरकार म्हणालं निघा, पुन्हा बरेच जण जागचे हलले नाहीत. आम्ही उतरलो होतो त्या घरची बाई सांगत होती, केळी कुणाच्या भरवशावर सोडायची? तिथे केळीच केळी हो. आपल्या राजेळीसारखी, मोठी, तळून खायची. त्या राखेनेच माती झालेली आहे, म्हणून तर पिकतात. धाकटी राख टाकते तेव्हा शिव्या घालायच्या आणि वर्षभर तिच्याच जिवावर जेवायचं."

"म्हणजे घरोघरी तेच."

"आणखी एक ऐका. ही कोन्सेप्सिओन उभी आहे ती तळ्याच्या मऊ गाळावर. शास्त्रज्ञांनी मोजमापं करून सांगितलंय, तिच्या वजनाने खालचा गाळ बाजूला सरकतो आणि ती हळूहळू पसरत खाली बसते आहे."

"चाळिशीनंतर सगळ्यांचं तेच होतं गो," काकू म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. "बरं, तू चढलीस कुठली ती सांग. गोष्टीत शिरलीस की तू मुद्द्यावर येत नाहीस."

"आधी पाऊस सांगू द्या. आपला पाऊस समुद्रावरून येतो आणि चार महिने पाहुण्यासारखा पाय पसरून बसतो. तिथला तसा नाही. सकाळी बहुधा उघडीप असते, चांगलं ऊन. दुपार कलली की तळ्यावरून वाफ उठते, दोघींच्या माथ्यावर ढग गोळा होतात आणि मग विजांसकट कोसळतो. जुलै-ऑगस्टमध्ये थोडा दम खातो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळ्यात जोर."

"आणि तू नेमकी सप्टेंबरात!"

"निम्मं भाडं, काकू! म्हणून तिथे चढायचं तर पहाटे निघायचं आणि वीज कडाडायच्या आत खाली यायचं. वाटाड्याशिवाय वर सोडत नाहीत. पूर्वी लोक आपले आपले जायचे, वाट चुकायचे, काही जीवही गेले. आता वाटाड्या सक्तीचा. मला ते पटलं. आपल्याकडे गडांवर पावसाळ्यात किती पोरं अडकतात आणि मग गावकऱ्यांना दोर घेऊन रात्री धावायला लागतं!"

काकूंनी मान हलवली. त्यांचा भाऊ तिकडे खेडला असतो. तो गेल्या पावसात दोनदा दोर घेऊन गेला होता आणि ते त्यांनी मला आधीच चारदा सांगितलेलं आहे. पाचव्यांदा सांगायच्या आत मी पुढे सरकले.

"पहिल्यांदा धाकटी. खाली केळीच्या बागांतून वाट, मग रान. पहाटे अंधारात एकदम असा आवाज आला की मी लेकीचा हातच धरला. वाघ नाही, काही नाही, माकड! हाऊलर म्हणतात त्यांना. एवढंसं जनावर, पण घशात हाडाची पोकळी असते, त्यामुळे आवाज कोसभर जातो. वाटाड्या म्हणाला, हे ओरडले की पाऊस येणार. मी म्हटलं, मग रोजच ओरडत असतील. तर हो म्हणाला."

"मग आला पाऊस?"

"सांगते ना. हजार मीटरच्या आसपास झाडी संपते. त्या जागेला एल फ्लोराल म्हणतात. तिथे थांबून मागे वळलं की खाली सगळं तळं, बेटाची कमर, आणि पलीकडे थोरली. तिथून वर झाड नाही, सावली नाही, धरायला काही नाही. सुटे दगड, राख, उभा चढ, आणि वारा असा की बसून चालावं लागतं. माथ्यावर जमीन कोमट लागते म्हणे, गंधकाचा वास येतो. पण बहुतेकांना वर दिसतं काय? ढग! सगळ्यात वरचा तुकडा वर्षातले कितीतरी दिवस ढगातच असतो. तळ्यावरून ओला वारा येतो, सुळक्यावर आपटून वर चढतो, गार होतो आणि तिथेच त्याचा ढग होतो. म्हणजे दुपारचा पाऊस नसला तरी माथा झाकलेलाच."

"पैसे देऊन ढग बघायला वर जायचं."

"मी तेच म्हटलं! आमच्याबरोबर एक गोरं जोडपं होतं. वर बघितलं तर काळं झालेलं. वाटाड्याने सांगितलं, इथून परत. नवरा म्हणे, मी एवढ्या लांबून आलोय, मी जाणार. बायको काही बोलली नाही. पाठ फिरवली आणि उतरायला लागली. तो पाच मिनिटं तिथेच उभा, एकटा. मग आला मुकाट्याने मागे. संध्याकाळी खाणावळीत दोघं दोन टेबलांवर."

"अगो बाई! वेगळी टेबलं?"

"वेगळी. तिने मासा मागवला, त्याने नुसती बिअर."

यावर काकूंनी बरेच प्रश्न विचारले. तिने बोटात अंगठी घातलेली होती का, त्यांना मुलं आहेत का, दुसऱ्या दिवशी एकत्र दिसले का. ज्वालामुखीपेक्षा हा विषय त्यांना जास्त भावला आणि खरं सांगायचं तर मलाही. दुसऱ्या दिवशी ते दिसलेच नाहीत, एवढंच मी सांगू शकले.

"आम्ही खाली पोचलो नाही तोच कोसळला. वर असतो तर त्या सुट्या दगडांवरून पाण्याबरोबर आम्हीही आलो असतो. धाकटीच्या अंगावर घळी आहेत खोल खोल. मोठा पाऊस झाला की त्यातून राख आणि दगड वाहून येतात आणि खालचा रस्ता अडवतात. पण ते सगळ्यांना माहीत असतं. तिच्याकडे सगळ्यांची नजर. यंत्रं बसवलेली आहेत, ती जरा थरथरली तरी राजधानीत कळतं. रागीट माणसाचं एक बरं असतं, काकू, त्याचा अंदाज घेत घरातली माणसं जगतात."

"खायला काय होतं तिथे?"

"सकाळ, दुपार, संध्याकाळ, भात आणि लाल घेवडा परतलेला. गाल्यो पिंतो म्हणतात. वर तळलेली केळी, पांढरं खारट चीज. मला आवडलं. दोन दिवसांनी लोणच्याची आठवण यायला लागली ती गोष्ट वेगळी. मासे मिळतात तळ्यातले. आणि त्या तळ्यात काय होतं माहितीये? शार्क!"

"गोड्या पाण्यात?"

"गोड्या पाण्यात. लोकांना वाटायचं ही तळ्यातलीच वेगळी जात. 1960 आणि 70च्या दशकांत एका अमेरिकन प्राध्यापकाने, थॉर्सन त्याचं नाव, शार्कना खुणेचे बिल्ले लावून सोडलं. तर तळ्यात लावलेले बिल्ले समुद्रात सापडले, समुद्रातले तळ्यात. सान ह्वान नदी तळ्यातून निघून कॅरिबियन समुद्राला मिळते. तिच्यातून हे उलटे वर येत, खळखळाटातून, उतारावरून. समुद्रातलेच बुल शार्क ते. मग पंख विकायला म्हणून इतके मारले की आता क्वचितच दिसतात. मी पाण्यात पाय घातला नाही, पण ते शार्कमुळे नव्हे. संध्याकाळी काठावर चिलटांचे ढग उठतात, चावत नाहीत, पण तोंड उघडलं की आत."

"म्हणून तू गप्प होतीस वाटतं. कसं जमलं?"

मी दुर्लक्ष केलं.

"आणि ऐका, हे तळं नसतं तर पनामाचा कालवा पनामात झालाच नसता. म्हणजे उलटं. हे तळं होतं म्हणून सगळ्यांना वाटत होतं कालवा इथूनच काढावा. नदी आहे, तळं आहे, पुढे समुद्रापर्यंत थोडीशीच जमीन कापायची. अमेरिकेत जवळजवळ ठरत आलं होतं. तर एक फ्रेंच इंजिनियर, ब्युनो-व्हारिला, त्याला कालवा पनामातच हवा होता, त्याचे पैसे अडकले होते तिथे. 1902 साली मे महिन्यात मार्टिनिक बेटावर ज्वालामुखी फुटून अख्खं शहर गेलं. हा पठ्ठ्या काय करतो, निकाराग्वाचं एक टपाल तिकीट शोधून काढतो. तिकिटावर मोमोतोम्बो ज्वालामुखी धूर सोडतोय. तेवढी तिकिटं गोळा करून अमेरिकेच्या एकेका सिनेटरला पाठवली. बघा म्हणे, यांच्याच तिकिटावर छापलंय! महिन्याभरात मतदान, पनामा जिंकलं."

"एका तिकिटावरून!"

"एकट्या तिकिटावरूनच असं नाही, पण बऱ्यापैकी. आणि मोमोतोम्बो त्या कालव्याच्या वाटेपासून कितीतरी लांब. पण धूर दिसला ना, पुरे झालं. नंतर 2013 साली एका चिनी व्यापाऱ्याला याच तळ्यातून कालवा काढायची परवानगी दिली, ओमेतेपेच्या दक्षिणेने जाणार होता. शेतकऱ्यांनी मोर्चे काढले. काहीच झालं नाही, 2024 साली ती परवानगीच रद्द केली. आमची घरमालकीण म्हणाली, बरं झालं, नाहीतर आमच्या तळ्याचं गटार झालं असतं."

"तुला तिची भाषा येते?"

"लेक मध्ये होती. पण खरं सांगू, अर्धं तर हातवाऱ्यांनीच कळायचं. तिचंही घर असंच, तारेचं कुंपण, पलीकडे तिची शेजारीण. दोघी सकाळी कुंपणाला लागल्या की कॉफी गार. त्यांनीच मला चिको लार्गोची गोष्ट सांगितली. चार्को वेर्दे म्हणून एक हिरवं डबकं आहे, रानात. तिथे हा चिको लार्गो राहतो. उंच, हडकुळा. ज्याला झटपट पैसा हवा तो त्याच्याकडे जातो, आत्मा गहाण टाकतो. मग पैसा, जमीन, गुरं, सगळं मिळतं. मेला की मात्र तो माणूस बैल होतो आणि चिको लार्गोच्या गोठ्यात जातो. त्या शेजारणीने तर गावातल्या एकाचं नाव घेऊन सांगितलं, हा बघा, याच्याकडे दहा वर्षांपूर्वी काही नव्हतं."

"पुढच्या जन्मी बैल! आपल्या आळीतही एक-दोन आहेत गोठ्याचे उमेदवार."

"नाव घेऊ नका, भिंतीला कान असतात. मग आम्ही गेलो थोरलीकडे, मादेरासकडे. बालग्वे गावाच्या वर कॉफीची बाग आहे, क्रांतीनंतर जमीनदाराकडून काढून सहकारी संस्थेला दिलेली. तिथूनच वाट सुरू होते. कॉफीच्या सावलीत मोठमोठे काळे दगड, त्यावर कोरलेलं. वेटोळी, माणसं, जनावरं. शेकड्याने आहेत बेटावर. कुणी कधी कोरली त्याचा पूर्ण पत्ता नाही, पण स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीची. एका दगडावर मी हात ठेवला, पावसाने चकचकीत झालेला. वेटोळ्याच्या खाचेतून पाणी फिरत होतं."

काकूंना कोरीव दगडांचं कौतुक नाही. त्यांनी नाचणीकडे एक नजर टाकली. मी घाईने वर सरकले.

"तिथून वर सगळं ढगातलं जंगल. झाडांवर शेवाळ, शेवाळावर झाडं. थेंब थेंब गळत असतं, पाऊस असो नसो. आणि चिखल! काकू, मी कोकणातली, मला चिखल सांगावा कुणी? पण हा गुडघ्यापर्यंत. वाटाडे लोक सरळ गमबूट घालतात, आमची लेक हजारो रुपयांचे बूट घालून आली होती, त्यातला एक चिखलाने ठेवून घेतला. मुळं धरून वर, मुळं धरून खाली. माथ्यावर कडा लागतो, मग आत खोल खळगा, आणि त्या खळग्यात तळं. जिथून कधी आग निघायची तिथे आता पाणी. आत उतरायला दोर लावलाय. लेक उतरली. मी कॉफीच्या बागेवरून थोडं वर जाऊन थांबले होते."

"का गो? तिथे तर आग नाही, धूर नाही."

"त्याच्यासाठीच, काकू. आदल्या रात्री आमच्या घरमालकिणीने सांगितलं म्हणून. मी म्हटलं, मला धाकटीची भीती वाटते, थोरली बरी, गरीब आहे. तर ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, कोन्सेप्सिओनने राख टाकली, घाबरवलं. माणसं खाल्ली ती हिने. 27 सप्टेंबर 1996. खूप पाऊस झाला, मादेरासच्या पूर्वेकडून दरड सुटली, चिखल-दगडांचा लोंढा होऊन खाली वस्तीवर आली. सहा माणसं गेली. ना धूर, ना हादरा, ना आधी सूचना."

काकू आता गडग्यावरून सरळ झाल्या. "विझलेला डोंगर ना तो?"

"विझलेला म्हणूनच. मी नंतर लेकीकडून वाचून घेतलं. हे जुने ज्वालामुखी आतल्या वाफेने आणि आंबट पाण्याने कुजतात. दगडाची हळूहळू चिकणमाती होते. वरून हिरवं, आतून भुसभुशीत. आणि उतार तर तसाच उभा. त्यावर चार दिवस सलग पाऊस पडला की पाणी आत मुरतं, वजन वाढतं, मग एखादा तुकडा निसटतो. निसटताना पाणी, झाडं, धोंडे गोळा करत येतो. त्याच देशात उत्तरेला सान क्रिस्तोबाल आहे, निकाराग्वातला सगळ्यात उंच ज्वालामुखी, 1745 मीटर, धुमसणारा. सगळी भीती त्याची. त्याला चिकटून कासिता, विझल्यासारखा, कुणी वळून बघत नसे. 1998 साली मिच नावाचं चक्रीवादळ आलं. वादळ पार दुसऱ्या समुद्रावर, होंडुरासकडे रेंगाळलेलं, पण पाऊस असा ओढून आणला की दिवसच्या दिवस थांबेना. 30 ऑक्टोबरला कासिताच्या माथ्यापासून एक तुकडा सुटला. खालची गावं पुसली गेली. दोन हजारांवर माणसं."

"देवा!"

"ते तिकीट आठवतं ना? धूर बघून सगळे सिनेटर घाबरले. गप्प डोंगराचं तिकीट कुणी छापलं नसतं."

थोडा वेळ दोघी गप्प होतो. मग काकूच म्हणाल्या, "आपल्याकडे तळियेला दरड आली, तिथे काय होतं सांग? धूर होता?"

"नाही ना. 2021 च्या जुलैत. त्याआधी 2014 ला माळीण. 2023 ला इर्शाळवाडी. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, काकू, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आग कधीच संपली. पाऊस मात्र दरवर्षी ताजा."

"मग ती बाई राहते कशी तिथे?"

"मीही तेच विचारलं. ती म्हणाली, सप्टेंबरात रात्री जोराचा लागला की आम्ही ओढ्याचा आवाज ऐकत पडतो. पाऊस चालू आहे आणि ओढ्याचा आवाज एकदम कमी झाला, तर समजायचं वर कुठेतरी अडलाय. मग पोरांना उठवायचं आणि निघायचं, सामान बघायचं नाही. दारामागे तिची पिशवी भरलेली असते, कागदपत्रं, बॅटरी, पोरांचे कपडे. ज्वालामुखी फुटल्यावर न हललेली बाई ती! पण ओढ्याला घाबरते."

"माझी आजी असंच म्हणायची," काकू हळूच म्हणाल्या. "पऱ्या अचानक गढूळला नाहीतर आटला की रात्री झोपायचं नाही. माहेरी आमचं घर पऱ्याच्या कडेला. एका श्रावणात तिने सगळ्यांना उठवून देवळात नेलं होतं. मला आठवतंय, मी झोपेत चालत होते. आलं काही नाही. दुसऱ्या दिवशी सगळे तिला हसले, आणि ती म्हणाली, हसा, जिवंत आहात म्हणून हसता."

हे त्यांनी मला आधी एकदाही सांगितलेलं नव्हतं. इतकी वर्षं या गडग्याशी उभ्या राहून.

"आल्ताग्रासिया म्हणून दुसरं गाव आहे तिथे," मी म्हटलं, कारण काकूंचा चेहरा उतरला होता. "नोव्हेंबरात पाऊस ओसरला की त्यांचा उत्सव असतो, सान दिएगोचा. त्यात लोक डोक्यावर हिरव्या फांद्या धरून नाचतात. सोम्पोपो म्हणजे पानं कापून नेणारी मुंगी, तिचा नाच. पूर्वी मुंग्यांनी पिकं खाल्ली, तेव्हा ढोल वाजवून त्यांना पळवलं म्हणतात, त्याची आठवण. आम्हाला बघायला मिळाला नाही, तिकिटं आधीची होती."

"मुंग्यांचं राहू दे," काकू म्हणाल्या. त्यांचं लक्ष माझ्या मागे होतं, घराच्या मागच्या टेकडीकडे. "तू नव्हतीस तेव्हाची गोष्ट. वरच्या अंगाला जेसीबी आला होता. बंगल्याला जागा करायला टेकडीचा पाय उभा कापलाय. माती तशीच लोटलीये पऱ्यात."

"आपल्या पऱ्यात?"

"आपल्याच. मी म्हटलं, करू दे, पैसेवाला आहे. टेकडीचं काय, कधी हललीये का ती? गणपतीत पाऊस पडला तेव्हा पऱ्याचं पाणी तांबडंलाल. मी भांडी घासायला गेले तर घासता येईनात. तेव्हा नाही डोक्यात आलं."

"पुढच्या पावसाच्या आधी ती माती काढायला हवी, काकू. आणि कापलेल्या बाजूला काहीतरी करायला हवं. तहसीलदारांकडे अर्ज द्यायचा का?"

"आधी ग्रामसभा. परवा आहे. मी उठून विचारणार, कुणाच्या परवानगीने टेकडी कापली. मला कुणी गप्प बसवू शकत नाही, तुला माहितीये."

"माहितीये. सगळ्या तालुक्याला माहितीये."

"तू येशील ना?"

"येईन. पण काकू, त्या बंगलेवाल्याच्या आईला सांगू नका हं मी काही बोलले म्हणून. परवाच तिने मला भोपळ्याचे घारगे पाठवलेत."

"मी कशाला सांगू? मी म्हणेन, निकाराग्वाहून बातमी आली." काकूंनी सूप उचललं आणि दोन पावलं गेल्यावर परत वळल्या. "ते गोरं जोडपं गो. बायको आधी उतरली की वाटाड्या आधी?"

"बायको."

"मला वाटलंच."